वहिनी म्हंजी कोन?

जलमभर मी आई हुते, आज इंटरनेटनं मला कुनाची तरी बायको करून टाकली! राम राम, आपल्या घरच्या इंटरनेट गटातल्या कोल्हारकर मंडळी. बोलतीय मी, टाइप करतीय माजी लेक मंदा.

दुपारी नगरच्या इंटरनेट कॅफेत मंदानं अमेरिकेतल्या नातवाचं पान उघडलं. समदं इंग्रजी, लई लांबडं. म्हनली, "ह्या पानातच शब्द शोधायची सोय हाय. काय शोधू?"

"आजी टाक."

न्हाई सापडलं.

"तुमी भावंडं तुमच्या काकांचं ऐकून मला वहिनीच म्हनता. वहिनी टाक."

लगेच सापडलं! माजाच फोटो, चुलीम्होरं बसलेली. मी हरखले. "खाली काय लिवलंय?"

मंदा पान बंद कराया लागली.

"तोंड शिवलंय का तुजं?"

"लिवलंय, 'वहिनी. बाबांच्या भावाची बायको.'"

म्हंजी माज्या ल्येकानं, अशोकनं, पोराला कदी सांगितलंच न्हाई की वहिनी म्हंजी त्याची आजी. कॅफेत चूल नव्हती, डोळ्याला धुराचं निमित्त पन सांगता येईना.

मंडळी, तुमी माजी समजूत घालू नका. सूनबाई, तू पन न्हाई. अशोक, तू ह्या गटात हायेस, तूच उत्तर द्यायचं. आन् मला न्हाई, तुज्या पोराला.