पदराची दशी

दोन हजार तेवीस साल. मला चौऱ्याहत्तरावं लागलं होतं. शाळा म्हणाल तर चौथी, पुढे काही नाही. पण आमच्या बोनकोडे गावात मासेमारीचं जाळं विणावं तर मीच, कुणालाही विचारा. जुन्या घराच्या जागी चार मजले उभे राहिले, तरी तळमजल्याच्या पायरीवर माझी दोऱ्याची टोपली अजून आहे.

तोंडात उजवीकडच्या दोन दाढाच काय त्या एकमेकींना लागतात, सगळं चावणं त्यांच्यावर. त्यातली खालची दुखायला लागली. सून हट्टाने दातांच्या डॉक्टरीणबाईकडे घेऊन गेली. डॉक्टरीणबाई कसली, नातीच्या वयाची पोरगी. म्हणाली, "काका, दाढ वाचेल अजून. पण रोज फटीतून दोरा फिरवायचा. ब्रश तिथे पोचत नाही." सुनेने तिथूनच दोऱ्याची डबी घेतली.

घरी आल्यावर मी ती कपाटावर टाकली. "दोऱ्याचं मला शिकवता? जन्म गेला माझा दोऱ्यात."

"बाबा, तुमचा जाळ्याचा. हा तोंडाचा," सून म्हणाली.

"दोरा तो दोराच."

टोपलीतली तंगूस काढली. जाळ्याची ती नायलॉनची तार, तगडा मासाही तोडू शकत नाही. वीतभर कापली, त्या दाढेशेजारच्या फटीत घातली आणि गाठ आवळावी तशी खेचली. हिरडी चिरली. तोंडभर रक्त. कुणाला बोललो नाही, पोट बिघडलंय सांगून दोन दिवस पेज पीत बसलो. गाल सुजला तेव्हा लपवणार काय? पुन्हा डॉक्टरीणबाई.

"काका, काय वापरलंत?"

"तंगूस."

तिला हसू आवरेना. "दाढ काय पळून चालली होती, जाळ्यात धरायला?"

मग तिने हातभर दोरा तोडला, दोन्ही हातांच्या मधल्या बोटांना गुंडाळला, मध्ये थोडासाच ताणून ठेवला. "ओढायचं नाही. दाताला बिलगवायचा आणि हळू वरखाली."

मी तिच्या बोटांकडे बघतच राहिलो. हे तर मी चाळीस वर्षं बघत होतो.

खाडीतल्या निवट्या माशांचं कालवण जेवून झालं की माझी बायको मोरीजवळ बसायची. लुगड्याच्या पदराची एक दशी, टोकाचा सुटा धागा, उपसायची आणि अशीच बोटांना गुंडाळायची. मी ओरडायचो, "अगं, जेवून पोट भरलं नाय? लुगडं खातेस आता?"

"लुगडं नवं येल. दात कोन देनार हाय, तुमी?"

कधी दुसरी दशी काढून माझ्यापुढे धरायची. "घ्या." बायकांचे चाळे म्हणून मी उठून जायचो. तिला जाऊन तीन वर्षं झाली. गेली तेव्हा दात सगळे जागेवर होते तिचे.

"घरात कोणी करायचं का असं?" डॉक्टरीणबाईने विचारलं.

"बायको," म्हणालो.

"मग रोज करा. नाहीतर ही दाढ काढावी लागेल."

रिक्षात सून दाढेबद्दल बोलत होती. माझ्या डोळ्यांपुढे मात्र तो पुढे केलेला हात. एकदा तरी घ्यायला हवी होती ती दशी. काय जाणार होतं माझं?

दुसऱ्या दिवशी सकाळी सुकट-भाकरी खाऊन पेटीतलं तिचं लुगडं काढलं. पदराचं एक टोक विरविरीत झालेलं, तिनेच उपसून उपसून. एक दशी चिमटीत धरली. ओढवेना. उरल्यात तेवढ्या राहू देत. सुनेला म्हणालो, "ती डबी दे खाली." लुगडं मांडीवर घेऊन मोरीजवळ तिच्या जागेवर बसलो, हातभर दोरा तोडला, बोटांना गुंडाळला आणि त्या दाढेपासूनच सुरुवात केली. हळू.