बबनभाऊंची चालू लाईन

वायरमनच्या खिशात तीन वस्तू कायम असतात: टेस्टर, काळी चिकटपट्टी आणि किस्से. पहिल्या दोन ऐन वेळी सापडत नाहीत, किस्से मात्र न शोधता हाताला लागतात. चिखलीत बसस्टँडजवळ शाकीरभाईचं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. कामावर निघायच्या आधी आम्ही तिथे चहाला जमतो. चहा संपतो, ग्लास परत जातात, किस्सा मात्र अर्ध्यावरच असतो. गिऱ्हाईकाचा फोन येतो आणि आम्ही स्टुलावर बसल्या बसल्या "रस्त्यातच हावो" म्हणून सांगतो!

यातले निम्मे किस्से बबनभाऊंचे. पन्नाशी ओलांडली, हाताला यश मोठं, आणि नियम एकच: बटण बदलायचं तर मेन बंद करायचा नाही. "मेन बंद करून तं कोणीबी बदलन," ते म्हणायचे, "मंग वायरमन कायले पाह्यजे?" त्यांच्या समोर संगीता. आयटीआय करून आमच्यात आली, जिभेला धार. मेन बंद केल्याशिवाय ती बोर्डाच्या स्क्रूलाही हात लावत नाही. आणि या दोघांच्या मध्ये मी, संजू.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण एकदा बबनभाऊंच्या पत्नी, शोभावहिनी, भाजी घेऊन जाता जाता दुकानात आल्या. पिशवी खाली ठेवली नाही की बसल्या नाहीत. मला आणि संगीताला म्हणाल्या, "हे माहं ऐकत नाही. तुम्ही दोघं संग असता. याईले सांजच्याले चालते-बोलते घरी आना. मले दुसरं काही नाही पाह्यजे."

त्या दिवसापासून बबनभाऊंना मेन बंद करायला लावणं हेच आमचं खरं काम झालं. बटणं आपली मध्ये मध्ये बदलायची.

०

चालू लाईनवर काम करताना बबनभाऊंचा सगळा भरवसा पायातल्या रबरी चपलेवर. "हे चप्पल हाय तोवर यमबी काही करू शकत नाही," असं ते छातीठोकपणे सांगायचे.

आणि चपलेसकट आपल्याकडे घरात कोण घेतो? एका घरी नुकतीच फरशी पुसलेली. घरमालकीणबाई दारातच म्हणाल्या, "चपला बाहेर काढा, भाऊ."

बबनभाऊंनी चपला काढल्या आणि बोर्डापाशी जाऊन उभे राहिले. ओली फरशी, उघडे पाय. संगीता माझ्याकडे बघून गालात हसली. तिला वाटलं, आता तरी मेन बंद होणार.

पण बबनभाऊंचं डोकं भलतंच चालतं. म्हणाले, "ताई, एखादा लाकडी पाट हाय का?" बाईंनी लगबगीने पाट आणला, पदराने पुसून मांडला. बबनभाऊ त्यावर चढणार, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "हां हां, उभे नका राहू. आमच्या घरी पाटावर पाय नाही देत. बसा."

आता पाहुण्याने काय करावं? बबनभाऊ बसले. बटण त्यांच्या डोक्याच्या वर, हात काही पोचेना. संगीता बाहेर गेली, मेनचा खटका पाडला, आत आली आणि उभ्या उभ्या बटण बदलून मोकळी झाली. तोवर बाईंनी बबनभाऊंपुढे चहा आणि फराळाची बशी ठेवली होती. पाटावर बसलेल्या माणसाला तसंच कसं उठवणार?

०

आता संगीताचा किस्सा सांगितला नाही तर बबनभाऊ मला दुकानात पाय ठेवू देणार नाहीत.

संगीताची एक सवय आहे. जुन्या घरात चिनी मातीचा फ्यूज असेल तर ती त्याची ग्रीप, म्हणजे तार बसवलेला वरचा तुकडा, उपसते आणि थेट आपल्या पर्समध्ये टाकते. आपण बोर्डात हात घातलेला असताना घरातलं कोणी येऊन फ्यूज लावू नये म्हणून. सवय सोन्यासारखी. पण एके दिवशी तिला बुलढाण्याला दुसऱ्या कामाची घाई होती. बटण बदललं, हात धुतले, बस पकडली. ग्रीप पर्समध्येच!

त्या घरी दुसऱ्या दिवशी लग्न. हळद सुरू, मंडपात पाहुणे, आणि पाण्याची मोटर बंद, मिक्सर बंद, पंखा बंद. नवरीच्या बापाचा मला फोन: "संजूभाऊ, त्या ताई आमची लाईन घेऊन गेल्या ना हो!"

मी संगीताला फोन लावला. तिने बुलढाणा स्टँडवर उतरताच ग्रीप आपल्या डब्यात घातली आणि चिखलीला निघालेल्या कंडक्टरच्या हाती दिली. कंडक्टरने डबा कानाशी हलवून पाहिला आणि विचारलं, "यात काय हाय?"

"एका लग्नाचा करंट हाय, साहेब. सांभाळून न्या."

कंडक्टरने तो डबा शेवटपर्यंत मांडीवर ठेवला होता. चिखली स्टँडवर नवरीचा बाप हळदीच्या अंगाने उभाच. धावत घरी नेला, मी ग्रीप बसवली, आणि त्याच क्षणी अख्ख्या गल्लीची लाईट गेली.

बबनभाऊ आठवडाभर खुशीत होते. "पाह्यलं? मेन बंद करनं किती वंगाळ असते ते?" आम्ही एक पाऊल पुढे टाकावं आणि किस्स्याने दोन पावलं मागे न्यावं, असा सगळा प्रकार.

०

मलकापूरच्या एका घरात मधल्या खोलीतला एलईडी बल्ब बटण बंद केल्यावरही मिणमिणत राहायचा. त्या खोलीत घरातले बाबा वारले होते. आईंचं म्हणणं, बाबा जागे आहेत. एकदा त्यांच्या मुलाने बटण बंद करून बल्ब बदलायला घेतला, तर त्याला असा झटका बसला की तो दारापर्यंत मागे आला. तेव्हापासून तोही खोलीत जाईना. "बाबांनी हात झटकला," असं तो मला अगदी हळू आवाजात सांगत होता. चांगला बँकेत नोकरीला असलेला माणूस!

संगीताने टेस्टर लावून पाहिलं. जुनी वायरिंग, बटणावर न्यूट्रल आणलेला, फेज म्हणजे करंटची वायर सरळ होल्डरमध्ये. म्हणजे बटण बंद करा की चालू ठेवा, होल्डरमध्ये करंट आहेच; म्हणूनच ते मिणमिणणं आणि तो झटका. तिने मेन पाडला, पुन्हा टेस्टर लावून खात्री केली आणि फेज बटणावर घेतला. मग पडदे ओढून बटण बंद केलं. खोली एकदम अंधारली.

मला वाटलं, आई आता रडतील. त्या वर बघत म्हणाल्या, "झोपले. बरं झालं. लय दिवस जागले."

परत येताना बसमध्ये बबनभाऊ त्या मुलाला बसलेल्या झटक्याचंच बोलत होते. मला वाटलं, लागला आपला डाव.

०

आणि लागलाच! पुढच्याच कामाला, बुलढाण्यात, बबनभाऊ स्वतःहून म्हणाले, "संजू, पाड बे मेन." मी अक्षरशः उडी मारत गेलो. मेन पाडला, ओरडून सांगितलं, "बंद!" संगीताला म्हटलं, वहिनींना आजच फोन लावू.

तेवढ्यात आतून धप्प आवाज आला. बबनभाऊ स्टुलावरून खाली, भिंतीला टेकलेले, ओठ पांढरे. वहिनींना काय सांगू, एवढंच डोक्यात. संगीताने त्यांना हलवलं, हाका मारल्या. मग त्यांनी डोळे उघडले आणि बोटं हलवून पाहिली.

त्या घरात इन्व्हर्टर होता. मेन पडला की तो आपोआप चालू होतो आणि त्या बोर्डाला करंट देतो. घरमालक म्हणाले, "मले वाटलं तुमाले माहीत असन." आम्ही विचारलं नाही, आणि टेस्टरही लावून पाहिला नाही. संगीता दुसऱ्या खोलीत होती. ती दिवसभर मला बोलत होती आणि मी ऐकून घेत होतो.

डॉक्टरांनी तपासलं, काळजीचं नाही म्हणाले. दवाखान्यातून बाहेर पडताना बबनभाऊंचं पहिलं वाक्य: "मेन बंद केला तरी मारते, चालू ठेवला तरी मारते. मंग बंद काऊन करा?"



०

दुसऱ्या दिवशी शोभावहिनी दुकानात आल्या. आम्ही मान खाली घालून उभे. त्या आमच्याशी भांडल्या नाहीत. संगीताला म्हणाल्या, "मले शिकव." एवढंच. मग चार-पाच दुपारी दुकानाच्या मागच्या बाजूला संगीता शिकवतेय आणि वहिनी चष्मा लावून टेस्टर धरतायत, असं चाललेलं. बबनभाऊंना पत्ता नाही.

त्यांच्या स्वयंपाकघरातलं बटण कधीचं फुटलेलं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. एका रविवारी भारताची मॅच. बबनभाऊंचा टीव्ही मोठा, म्हणून अर्धी गल्ली त्यांच्या घरी. मी होतो, संगीता होती, शेजारचा गजानन होता. शेवटच्या ओव्हरा, जिंकायची संधी, कोणी श्वास घेत नाही. आणि टीव्ही बंद!

"लाईट गेली?" "नाही बे, समोरच्या घरचा पंखा चालू हाय." सगळे एकदम ओरडायला लागले. तेवढ्यात स्वयंपाकघरातून वहिनींचा आवाज आला, "मेन म्या बंद केला. इन्व्हर्टरबी बंद केला. बटण बदलून राह्यली. कोणी हात लावू नका."

गजानन दाराजवळच्या मेनकडे धावला. पण त्याच्याआधी बबनभाऊ पोचले होते. एवढ्या चपळाईने मी त्यांना कधी उठताना पाहिलं नाही. मेनकडे पाठ करून, दोन्ही हात पसरून ते दारातच उभे राहिले.

बाजूच्या गल्लीतून मोठा गलका उठला. चौकार होता की विकेट, काही कळेना. पोरं कळवळून म्हणत होती, "भाऊ, दोनच मिनिटं चालू करा." बबनभाऊ जागचे हलेनात. वहिनींच्या स्क्रूड्रायव्हरचा आवाज येत होता आणि ते तोच ऐकत होते.

गजानन वैतागला. "काय भाऊ, तुमी तं जिंदगीभर चालू लाईनवर बटणं बदलली ना?"

"मी बदलतो बे," बबनभाऊ म्हणाले. "आत शोभा हाय."