मिस्त्रीमामांचं नाक

आमचे मिस्त्रीमामा बॉनेट उघडण्याआधी गाडीचा वास घ्यायचे. हात पाठीमागे बांधून गाडीभोवती एक फेरी, पेट्रोलच्या झाकणाशी थांबा, मग सायलेन्सरपाशी पार दुमडून वाकायचं आणि निकाल द्यायचा, "कार्बोरेटर ओव्हर होऊन राहिलंय." गिऱ्हाइकानं तोंड उघडायच्या आत आजार सांगून मोकळे. माणसांनाही सोडत नसत. नांदेडला लातूर फाट्याच्या अलीकडे त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. मी कॉलेजातून परस्पर तिथं गेले की माझ्या डब्याच्या पिशवीकडे न बघता म्हणायचे, "ताई, आज मेथी. अन् जराशी करपलीय." ती करपलेली असायचीच, म्हणून जास्त राग यायचा.

मी रसायनशास्त्र शिकवते. बाटलीत नाक खुपसायचं नाही, हातानं वारा घालून लांबून वास घ्यायचा, हे पोरांना ओरडून सांगण्यात माझी निम्मी नोकरी गेली. मामांनाही सांगून बघितलं, की पेट्रोलची वाफ छातीला वाईट. ते म्हणाले, "तुमच्या पुस्तकाला नाक हाय का?" पण त्या नाकाची निगा मात्र ते पोटच्या पोरासारखी राखायचे. तंबाखू नाही, विडी नाही. दसऱ्याला गॅरेजात उदबत्ती लागायची ती सगळं काम हातावेगळं झाल्यावरच. दुसरे मिस्त्री पाइपाच्या जोडावर साबणाचा फेस लावून फुगा येतो का बघत, त्याची ते मनसोक्त टवाळी करायचे. "साबण अंघोळीसाठी असतोय," म्हणायचे.

आमची त्यांची ओळख झाली दादांच्या अँबॅसिडरमुळे. दादा म्हणजे माझे वडील. लातूरला एका सरकारी खात्यात ड्रायव्हर होते. उभा जन्म एकच पांढरी अँबॅसिडर चालवली, मागच्या सीटवरचे साहेब तेवढे बदलत गेले. ते निवृत्त झाले त्याच सुमारास गाडीही लिलावात निघाली, आणि दादांनी ती घेतली. पहिल्या दिवशी आईला मागे, साहेबांच्या जागेवर बसवून गावभर फिरवलं. आई बिचारी मुलाखतीला आल्यासारखी ताठ बसली होती. तेव्हापासून दर चौदा एप्रिलला गाडी धुऊन, निळा झेंडा लावून निघायची. पुढे दादा माझ्याकडे नांदेडला राहायला आले आणि गाडी मामांच्या हाताखाली गेली. मामा दादांना 'डायवर सायेब' म्हणायचे. दादा त्यावर खूश.

एकदा आम्ही आमच्या गावी निघालो होतो, मामाही सोबत होते. रेणापूरच्या अलीकडे इंजिनाला पेट्रोल ओढून देणारा पंपच बसला. मामांनी पाच लिटरचा कॅन गाडीच्या टपावर बांधला, त्यातून नळी थेट कार्बोरेटरला दिली आणि दादांना म्हणाले, "सलाईन लावलंय. हळू घ्या." गावापर्यंत खिडकीतून नाक बाहेर काढून वास घेत बसले होते. मी मागे जीव मुठीत धरून बसले होते, आणि दादा गुणगुणत होते.

गेल्या वर्षी माझ्या लेकीचं, प्रज्ञाचं लग्न ठरलं. हॉल लातूरचा. दादांनी जाहीर करून टाकलं, "ज्या लातुरात मी साहेब लोक मागं बसवून फिरवले, तिथं माझी नात मागं बसवून नेणार. चालवणार मीच." अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माणूस काही मागतो आणि ते एवढंच मागतो, तेव्हा नाही कोण म्हणणार? पण गाडीची टाकी गंजून गेलेली. सांध्यातून पेट्रोल पाझरत होतं. पुण्याच्या माझ्या भावाला शर्यतीच्या गाड्यांचं वेड. त्यानं फ्युएल सेल पाठवला. म्हणजे टाकीऐवजी बसवायची काळी पेटी, आत स्पंजासारखा फोम, गाडी ठोकली तरी पेट्रोल उसळत नाही की सांडत नाही. सोबत विजेवरचा पंप. मामांनी झाकण काढून आत डोकावलं. "टाकीत घासणी ठेवून राहिले का ही माणसं?"

पण काम घेतलं आणि जीव ओतून केलं. पेटी डिकीत, बरोबर मागच्या सीटच्या पाठीमागे बसवली. खाली रबर, वरून लोखंडी पट्ट्या. पंप टाकीच्या बाजूला, जमेल तेवढा खाली. "ह्याला ढकलता येतंय, वढता येत न्हाई." पंपाचा जोर बेतानं ठेवला. "म्हातारं कार्बोरेटर हाय, ताई. जोरानं पाजलं तर ठसका लागंल." टाकीतली वाफ बाहेर जायला एक बारीक पाइप डिकीच्या तळातून खाली काढला.

तिसऱ्या दिवशी दादांना घेऊन मी गेले. मामांनी नेहमीसारखी फेरी मारली, डिकीत वाकले, नव्या पाइपाला नाक लावलं आणि म्हणाले, "ओके. कोरडं हाय." मी मागच्या सीटवर बसून बघितलं, तर पेट्रोलचा वास. थोडाथोडका नाही, स्वच्छ. मी मामांकडे बघितलं. त्यांचा चेहरा शांत. आणि एकदम आठवलं, की माझ्या डब्याबद्दल हा माणूस कितीतरी दिवसांत काही बोललेला नाही. मला वाटत होतं, वयानं जरा सभ्य झालेत. दादांसमोर मी गप्प बसले. गाडी उद्या नेऊ म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एकटीच गेले. मामा डिकीत वाकलेले, एका हातात दाढीचा ब्रश, दुसऱ्या हातात फेसाची वाटी. मला बघून वाटी पाठीमागे लपवली. माझा पारा चढलेलाच होता. म्हटलं, "मामा, माझी लेक बसणार आहे त्या सीटवर. माझा बाप चालवणार आहे."

ते तिथल्याच टायरवर बसले. "कोरोनात गेलं, ताई. तापासंगं. वाटलं, येईल म्हैन्या-दोन म्हैन्यात. न्हाई आलं."

"मग सांगायचं ना?"

"काय सांगू? लोकं नाकापायी येतेत माझ्याकडं. तवापासून गुपचूप साबण लावतो, मग लोकांपुढं वास घेतो. ह्या गाडीलाबी लावला होता. काल तुम्ही तोंड बारीक केलं तवाच समजलो, कुठंतरी हाय. सकाळपासून हुडकून राहिलो, पण फुगा येईना. वाफंच्या पाइपात जोर नसतोय. तिथं नाकच लागतंय."

राग गेला असं म्हणणार नाही. पण त्यांच्या शेजारच्या टायरवर मी जाऊन बसले. मग मामाच म्हणाले, "आज तुमचं नाक द्या. कुठं घ्यायचं ते मी सांगतो."

माझ्या पदव्या घेऊन मी डिकीत डोकं घातलं. मामा मागून सांगत होते. वरती हुंगू नका, वाफ खाली बसतीय. लांब श्वास नको, तोकडा घ्या. तीन झाले की बाहेर या, चौथ्याला नाक खोटं बोलतंय. यातलं प्रत्येक कारण मी फळ्यावर लिहून दाखवलं असतं, पण असं करायला मला कुणी शिकवलं नव्हतं. वाफेचा पाइप डिकीच्या तळातून जातो तिथं मी थांबले. "इथं." मामांनी तिथला क्लॅम्प, म्हणजे पाइप आवळणारी कडी, उघडला. तो पाइपाच्या कडेवर चढलाच नव्हता. नवा बसवला, डिकी बंद करून गाडी तासभर उन्हात ठेवली आणि पुन्हा मला वाकवलं. काही नाही. "खरंच न्हाई?" त्यांनी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारताना त्यांचे डोळे भरले होते.

निघायच्या दिवशी मामा घरी आले. सगळ्या पाहुण्यांसमोर त्यांनी फेरी मारली, वाकले, आणि वाकल्यावाकल्या हळूच माझ्याकडे बघितलं. मी पहाटेच तीन श्वास घेऊन ठेवले होते. मान हलवली. "ओके, डायवर सायेब." मग माझ्या कानाशी येऊन विचारलं, "गजरा कशाचा हाय?" मी म्हटलं, मोगरा. मामा खिडकीशी जाऊन मोठ्यानं म्हणाले, "पोरीच्या मोगऱ्यानं गाडी भरून गेली की." प्रज्ञा लाजली. दादांनी लातुरात शिरल्यावर हॉलकडे न जाता आधी जुन्या ऑफिसच्या गेटासमोरून गाडी नेली, आणि तिथं सावकाश केली.

लग्नानंतर मामांनी गॅरेज आवरलं आणि लेकाकडे नायगावला राहायला गेले. जाताना म्हणाले, उगं लोकांना फसवल्यासारखं होतंय. मला फार वाईट वाटलं. आता दादा स्टेअरिंगवर बसले, की मी डिकीशी जाते, तीन श्वास घेते आणि मामांना फोन लावते. ते विचारतात, खाली घेतला का, क्लॅम्पापाशी घेतला का. मी सगळं सांगते. मग मी स्पीकर लावते, आणि नायगावहून "ओके, डायवर सायेब" असं आलं की दादा चावी फिरवतात.

परवा गाडी गेटाबाहेर काढताना दादा मला म्हणाले, "त्याला फोनवरून बी वास येतो का गं?"

मी म्हटलं, "येतो, दादा."

"येणारच," दादा म्हणाले. "नाकच तसलं आहे त्याचं."