विनूच्या खिशातला कांदा

तुमच्या सदरातले गूढ अनुभव वाचून मी बायकोसमोर कितीदा टिंगल केली असेल... आज स्वतःच लिहायला बसलोय. मी विजेचे मीटर दुरुस्त करणारा माणूस. ज्याने काटा हलत नाही, ते मी मानत नाही. मानत नव्हतो.

१९८९ चा मे. नागपूरच्या सक्करदऱ्यातल्या आमच्या घरून मी आणि धाकटा भाऊ विनू ट्रेकिंगला निघालो. दार्जिलिंगकडची सिंगलीलाची धार, संदकफू ते फालूट. राखीव जंगल, आणि वाट सरहद्दीवरूनच जाते — घटकाभर भारतात, घटकाभर नेपाळात. आता नागपुरात मे महिन्यात बाहेर पडायचं म्हणजे लू लागू नये म्हणून खिशात कांदा हवाच. आईने दोघांच्याही खिशात एकेक कोंबला, जुन्या लुगड्याच्या हिरव्या चिंधीत बांधून. हिमालयात कसली आलीय लू! मी माझा स्टेशनवरच फेकला. विनूने ठेवला. आईचं मन मोडणं त्याला कधी जमलंच नाही.

संदकफूच्या मुक्कामाच्या हटमध्ये शेगडीजवळ कपडे वाळवताना त्याच्या चिंधीला जळून भोक पडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास एका हद्दीच्या दगडापाशी आम्ही थांबलो. विनूने एक पाय नेपाळात ठेवला आणि मला चिडवायला तो कांदा काढून दाखवला. मग धुकं आलं. पुढे वाटाड्या पासंग, मध्ये मी, शेवटी विनू.

"दादा, थांब ना गा. मी येऊन राहिलो."

थंडीने बोटं बधिर झाली होती, मी वैतागलो होतो. चल लवकर, म्हणालो आणि वळून पाहिलं नाही. पुढे तासभर त्याच्या बुटांचा आवाज माझ्या मागे येत होता. शपथेवर सांगतो.

पुढच्या हटच्या दारात वळलो, तर मागे कोणीच नाही.

पासंग तसाच उलटा धावला, मीही. वाटेत मऊ चिखल होता. दगडापासून हटपर्यंत दोनच माणसांच्या बुटांच्या खुणा होत्या — पासंगच्या आणि माझ्या.

संध्याकाळी ओले कपडे काढताना आतल्या शर्टाच्या खिशाला हात लागला. हिरवी चिंधी, तेच जळकं भोक, आत कांदा. त्यावर माझे दोन स्वेटर आणि गळ्यापर्यंत बंद विंडचीटर होता. विनूने सकाळीच ठेवला म्हणावं, तर दगडापाशी तो त्याच्या हातात पाहिलेला...

पाच दिवस शोधलं. अलीकडच्या उतारावर आपली माणसं, पलीकडे नेपाळची. बूट नाही, टोपी नाही, काही नाही.

घरी आलो. आई रडली नाही. तिने एकच विचारलं.

"त्याच्यापाशी कांदा होता नं?"

कांदा माझ्या बॅगेत होता.

"होता वं आई."

"मंग येईन तो," ती म्हणाली.

आई त्यानंतर अकरा वर्षं जगली. अकरा वर्षं दाराला आतून कडी लावू दिली नाही. खरं सांगितलं असतं तर एकदाच रडून मोकळी झाली असती, पण माझ्याने झालं नाही. तासभर माझ्या मागे कोण चाललं, कांदा कसा आला, मला आजही माहीत नाही. त्याने थांब म्हटलं होतं आणि मी थांबलो नाही, एवढं मात्र माहीत आहे.