पुसलेली लेन

विमलताई आल्या की आधी अर्धा तास नुसत्या बसायच्या. परभणीच्या आमच्या गेम झोनमध्ये बोलिंगच्या चारच लेन, आणि रविवारी कॉलेजच्या पोरांची झुंबड. सगळ्यांचे डोळे टोकाला उभ्या असलेल्या दहा पिनांवर, ताईंचे मात्र लेनच्या लाकडावर. एकदा मी शेजारी बसून विचारलं, "एवढं काय बघता?"

"पिना पडतेत त्या पडू दे. चेंडू कुठून वळायलाय ते बघ. तिथं तेल संपलंय."

लाकडावर तेल असतं हेच मला तोवर माहीत नव्हतं. तेलावर चेंडू घसरतो, कोरड्या जागी पकड घेऊन वळतो. आमच्याकडचं मशीन मधोमध जास्त तेल लावायचं आणि कडेला कमी, त्यामुळे चेंडू जरा बाहेर गेला तरी कोरडी कड त्याला आत आणून सोडायची. ताई तिला लाडाची लेन म्हणायच्या. "चुकलं तरी पोटात घालती. असल्या लेनवर खेळून माणूस लय फुगतंय," असं माझ्याकडे बघून म्हणायच्या.

ताई बोरीच्या शेतकरी घरातल्या. उमेदीची वर्षं नवऱ्याच्या नोकरीपायी हैदराबादेत गेली, तिथल्या क्लबात त्या हा खेळ शिकल्या. नवरा वारल्यावर गावी परतल्या आणि दर रविवारी एसटीने परभणीला यायला लागल्या. साठी ओलांडलेली, पदर कमरेला खोचलेला, पायात भाड्याचे बूट. पोरं आधी हसायची, मग हात चोळत घरी जायची. मला त्यांनीच शिकवलं, आणि शिकवताना फुकटचं कौतुक एकदाही केलं नाही.

राज्य स्पर्धेसाठी जिल्ह्यातून बायकांची एकच जागा होती. निवड दसऱ्याला ठरली आणि शेवटी आम्ही दोघीच उरलो. ताईंच्या मनगटाची नस दबली होती. दिवाळीनंतर ऑपरेशन, आणि त्यापुढे जड चेंडू कायमचा बंद, असं डॉक्टरांनी बजावलेलं. ही त्यांची शेवटची संधी आहे हे मला ठाऊक होतं. तरी मलाही जायचं होतंच.

खंडेनवमीला झाडलोट करणाऱ्या मावशींनी भक्तिभावाने लेनची पूजा मांडली. पूजेआधी जागा स्वच्छ हवी म्हणून ओला पोछा मधोमध पार टोकापर्यंत फिरवला आणि हळदकुंकू वाहिलं. दसऱ्याच्या सकाळी बघते तर सगळं उलटं झालेलं, मध्ये कोरडं ठाक आणि मधलं तेल कडेला सरकलेलं. मशीन चालवणारा सणाला गावी गेलेला. खेळायचं तर तसंच खेळायचं होतं.

मी सवयीने चेंडू वळवायला गेले. बाहेर टाकला की तेलावरून घसरत कडेच्या गटरमध्ये, आत टाकला की लगेच डावीकडे पळायचा. मी इरेला पेटून आणखी वळवायला लागले आणि आणखी फसले. ताई सरळ टाकत गुणांत बऱ्याच पुढे निघून गेल्या. तेवढ्यात माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "वंदे, आज वळवू नको. सरळ टाक. दहाच्या दहा पाडायचा हावरेपणा सोड. नऊ पाड अन् राहिलेली एक दुसऱ्या चेंडूत उचल."

मी तसंच केलं. शेवटच्या गेममध्ये त्यांचं मनगट दगा द्यायला लागलं आणि मी थोडक्यात जिंकले.

"ताई, तुम्ही सांगितलं नसतं तर तुम्हीच गेला असता," मी म्हटलं. त्या चिडल्याच.

"मी हरले ते मनगटानं. तुला सांगितलं ते लेनचं. लेन काय माझ्या बापाची हाय?"

ताई गेल्या त्याला आता वर्ष होत आलं. त्यांचा विषय निघाला की लोक या निवडीची गोष्ट सांगतात, किती मोठं मन, बाईला काही वाटलंसुद्धा नाही म्हणतात. मीही बरेच दिवस तसंच समजत होते, कारण तसं समजणं सोयीचं होतं.

राज्य स्पर्धेसाठी पुण्याला निघाले त्या सकाळी त्या दशम्या घेऊन परभणीच्या स्टेशनवर आल्या होत्या. मनगटाला पट्टा होता. मी म्हटलं, "तुम्हीपण चला ना ताई. नुसत्या मागं बसा, तेल बघून सांगा."

दशम्यांचा डबा माझ्या हातात देत त्या म्हणाल्या, "न्हाई येत बाई. आले तर खेळावं वाटंल."