वाढत्या अंगाचे कपडे

लिफ्टदुरुस्तीच्या कारखान्यात त्याला सगळे तंबू म्हणत. माणूस तसा बेताचा, उंचीनं कमी, अंगानं सडपातळ; पण शर्ट असा घाली की आत आणखी एखादा पाहुणा सहज मावावा. बाह्या बोटांच्या पेरांपर्यंत यायच्या, पँट पट्ट्याने आवळून कमरेला चुण्या पडायच्या. कोणी हसलं की तोही हसायचा. "हवा खेळती राहते," म्हणायचा.

याचं मूळ लहानपणात होतं. तो चार भावांतलं शेंडेफळ. थोरल्याचा सदरा दुसऱ्याला, दुसऱ्याचा तिसऱ्याला, आणि जे काही उरेल ते याला. शाळेत जायला लागल्यावर आईने एकदाच त्याच्यासाठी म्हणून नवा कोट घेतला, तोही वाढत्या अंगाचा. "दोन वर्षांनी बरोबर बसेल," ती म्हणाली. दोन वर्षांत कोट विटला, पण बसला काही नाही. पुढे स्वतः कमावता झाला तरी दुकानात गेला की त्याचा हात आपोआप एक माप मोठ्यावर जायचा. बायको सांगून सांगून थकली. "लग्नाच्या फोटोत कोट आलाय, नवरा अजून यायचाय," असं ती मैत्रिणींना सांगे आणि सोडून देई.

मग सासूबाई राहायला आल्या. जिन्यावरून पडून त्यांचा पाय मोडला होता आणि प्लास्टर निघेपर्यंत एकटीनं राहणं शक्य नव्हतं. बाईंची सारी नोकरी एका मोठ्या हॉटेलात, नोकरांचे गणवेश सांभाळण्यात गेली होती. वेटर, आचारी, दरवान, कोणी नवा लागला की त्याला कपडे बसवून देणं हे त्यांचं काम. स्वतःकडे तीनच झगे. करडा, निळा आणि एक बाहेर जायचा. पण अंगावर असे बसत की प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवून बसल्या तरी बाई कुठे तरी निघाल्यात असं वाटावं.

समोरच्या खोलीत खिडकीपाशी त्यांची खुर्ची मांडली होती. रोज सकाळी जावई डबा घेऊन त्यांच्यासमोरून जायचा. त्या बघायच्या, ओठ घट्ट मिटायच्या आणि विणकामात मान घालायच्या. जावयाला बोलायचं कसं? लेकीकडे मात्र एकदा राहवलं नाही. "अगं, हे चालतात तेव्हा शर्ट मागाहून येतो."

"तूच सांग त्यांना," लेक म्हणाली. "माझं ऐकून घेतील तर शप्पथ."

एके दिवशी एका इमारतीच्या यंत्रखोलीत तो मोटर तपासत होता. दुमडलेली बाही सुटली, तिचं टोक फिरत्या चाकात गेलं आणि हात ओढला गेला. जोडीदार शेजारीच होता म्हणून बरं. त्याने झटकन बटण दाबलं. कोपरापर्यंत बाही फाटली, हाताला खरचटलं, यापलीकडे काही झालं नाही. पण जोडीदाराचा चेहरा पांढराफटक पडला होता. "तंब्या," तो म्हणाला, "आज तुझा हात गेला असता रे."

घरी तो अंगावर जाकीट चढवून शिरला. बायकोला कळू द्यायचं नव्हतं. पण खुर्चीतल्या नजरेतून काय सुटणार?

"जाकीट काढा बघू," सासूबाई म्हणाल्या.

त्याने काढलं. त्यांनी फाटकी बाही पाहिली, खरचटलेला हात पाहिला. रागावतील असं त्याला वाटलं. त्या अगदी हळू म्हणाल्या, "जावईबापू, एक बोलू? तुम्ही आता वाढायचे थांबलात हो."

तो हसायला गेला आणि त्याला हसूच येईना.

"कपाटातले सगळे शर्ट आणा. आणि माझी टेप."

त्याला त्यांच्यासमोर उभं राहावं लागलं. त्या बसूनच माप घेत होत्या, म्हणून छातीचं माप घ्यायला त्याला गुडघ्यांवर बसवलं. दातांत टाचण्या, कानावर खडू. खांदा, मनगट, गळा. टेप फिरली की त्याला गुदगुल्या व्हायच्या. "हलू नका, दरवानसुद्धा एवढा हलत नसे," त्या दटावायच्या. आणि मध्येच त्याच्या लक्षात आलं, की आजवर आपलं माप कोणी घेतलंच नव्हतं. जे आलं त्यात तो शिरत गेला होता. त्याचा गळा दाटून आला. गळ्याचं माप चाललं होतं, तेव्हा ते त्यांनाही कळलं असणार. त्यांनी टेप जरा सैल धरली, इतकंच.

आठवडाभर त्या उसवत आणि शिवत होत्या. पहिला शर्ट घालून तो आरशाकडे निघाला तशी त्यांनी हाक मारली. "आरसा नंतर. आधी दोन्ही हात वर करा. खाली वाका. आता बसा. कुठे ओढतंय? नाही ना? मग आता खुशाल बघा."

आरशात एक नीटस माणूस उभा होता. खांदे होते त्याला. बायको दारात येऊन थांबली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "कोण हे? चहा विचारू का यांना?"

कारखान्यात जोडीदाराने त्याला खालून वर पाहिलं. "पगार वाढला की काय रे?"

"नाही, सासूबाई आल्यात."

"माझी आली की माझं वजन घटतं," जोडीदार म्हणाला, आणि सगळे खो खो हसले. तंबू हे नाव काही सुटलं नाही, पण आता नवख्यांना ते का पडलं हे समजावून सांगावं लागे.

थंडी सुरू झाली तेव्हा तो एकटाच स्वेटर घ्यायला गेला. हात सवयीने मोठ्या मापाकडे गेला, तिथून परत आला. त्याने आपल्या मापाचा, गडद हिरवा निवडला आणि दुकानातच दोन्ही हात वर करून, खाली वाकून पाहिलं. विक्रेतीला वाटलं, गिऱ्हाईक व्यायाम करतंय.

प्लास्टर निघालं, पाय बरा झाला. सासूबाईंना त्यांच्या घरी पोचवायला तोच गेला. ट्रंक वर नेऊन ठेवली, खिडक्या उघडल्या. निघायची वेळ झाली तरी तो दारात घुटमळत राहिला. वाटेत जुळवलेली वाक्यं ऐनवेळी पळाली होती.

"तुमचे आभार मानायचे होते," तो एकदाचा म्हणाला. "मला आजवर असं कोणी... म्हणजे शर्टांचं नाही म्हणत मी."

सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग दुसरीकडे पाहिलं. त्यांनी झग्याचा पट्टा उगाच नीट केला. "स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार फार कुरकुरतं," त्या म्हणाल्या. "आलाच आहात तर बिजागरीला तेवढं तेल घाला. कोट काढून द्या इकडे, डाग पडेल."

त्याने तेल घातलं. सैल झालेले दोन स्क्रूही आवळले. मग दोघांनी चहा घेतला आणि बराच वेळ हॉटेलातल्या आचाऱ्यांच्या पोटांबद्दल बोलत बसले.

घरी पोचायला उशीर झाला. बायको जेवायची थांबली होती. "एवढा वेळ काय करत होता?"

"आईंचे आभार मानले."

"मग? काय म्हणाली?"

"बिजागरीला तेल घाला म्हणाल्या."

बायकोला हसू आवरेना. हसता हसता तिचे डोळे भरून आले आणि तिने त्याचं ताट पुढे सरकवलं. "म्हणजे पोचले हो तिला," ती म्हणाली. "जेवा आता."