धुरळा अंकल

धुरळा अंकल कुणाच्या सांत्वनाला गेले, तरी निघताना खिशातून शर्यतीचे दोन पास काढायचे. "मन जरा रमेल," असं वर सांगायचे. त्यांचं खरं नाव बहारिनमध्ये फार थोड्यांना ठाऊक होतं. मूळचे वसईचे, नोकरी हूरा भागातल्या एका हॉटेलात आणि जीव अडकलेला अस्कर गावाच्या पुढच्या एका मातीच्या ट्रॅकमध्ये. त्या गोल ट्रॅकवर दर शुक्रवारी ते उघड्या चाकांच्या गाड्यांची शर्यत भरवायचे. चाकं बाहेर, ड्रायव्हर जवळजवळ उघड्यावर आणि धुळीचे लोट. त्यातल्या एका गाडीत आमचे हे बसायचे, म्हणून मला हा सगळा उपद्व्याप तोंडपाठ.

लोक विचारायचे, "इथे जगातली मोठी शर्यत गुळगुळीत ट्रॅकवर होते, मग तुमच्याकडे धूळ खायला कशाला यायचं?" अंकल शांतपणे म्हणायचे, "तिथे गाडी सूंकन जाते, दिसते कुठे? माझ्याकडे ड्रायव्हरचं तोंड दिसतं." उत्तर बिनतोड होतं, पण त्याने खुर्च्या काही भरत नसत. शुक्रवार इथे सुट्टीचा, त्यामुळे कुणाचं क्रिकेट, कुणाचं चर्च, कुणाची झोप.

आपली मराठी माणसं तर पास हातात घेऊन आधी विचारणार, जेवायला काय आहे? अंकलनी मिसळ ठेवली. मंडळी आली आणि ताटात धूळ पडू नये म्हणून ट्रॅककडे पाठ करून जेवली. मला हसू आवरेना. अंकल म्हणाले, "पाठ करून का होईना, आले ना? यल्ला, चला, पुढच्या वेळी तोंडं फिरवू." या माणसाच्या चिकाटीपुढे मी हात टेकले होते.

ट्रॅकवर टँकरने पाणी मारायचं, त्याला ते सडा म्हणायचे. मग उकिडवे बसून मूठभर माती दाबून बघायचे. गोळा झाला तरच गाड्या सोडायच्या. आमचे हे कुरकुरायचे, "अंकल, शर्यत आहे की वास्तुशांत?" अंकल पुढची मूठ दाबायला घेत.

जमीन एका वयस्कर बहारिनी गृहस्थांची. सगळे त्यांना हाजी म्हणत. पाइपवाली एक कंपनी ती जागा गोदामासाठी मागत होती. हाजींनी अंकलना सरळ सांगितलं, हंगामाच्या शेवटच्या शर्यतीला प्रेक्षकांचं स्टँड भरलेलं दिसलं तर जागा तुझी, नाही तर खलास. अंकलनी जिदहफ्सच्या बाजारापासून चर्चच्या क्वायरपर्यंत कुणाला सोडलं नाही.

आणि स्टँड भरलं, अगदी खच्चून. हाजी पुढच्या रांगेत बसले होते. फक्त सकाळचा सडा वाळला, दुसरा टँकर वाटेत बंद पडला आणि गाड्या सुटल्यावर वारा सुटला. पहिल्या फेरीतच इतकी धूळ उठली की दोन गाड्या एकमेकींना घासून गेल्या, ते आम्हाला नुसतं ऐकू आलं. पुढच्या फेरीला आमचे हे हेल्मेट घालून तयार.

अंकल चालत त्यांच्या गाडीपाशी गेले. "उतर."

"दहा मिनिटांत वारा पडेल, अंकल. हाजी बघतायत."

"बघू देत. मला समोरचा खांब दिसत नाही, तुला गाडी कुठून दिसणार? जागाच जाईल ना? जाऊ दे. उतर बाबा."

माइकवर त्यांनी शर्यत बंद झाल्याचं सांगितलं. वर्षभर अंकल ज्यांच्या हातापाया पडले होते, ते लोक पुटपुटत घरी गेले. हाजींनी हात मिळवला आणि "पुढे बघू, इंशाल्ला," म्हणाले. आखातात राहणाऱ्याला त्यातला नकार वेगळा सांगावा लागत नाही.

आता तिथे पाइप रचलेत. अंकल वसईला परतले. विमानतळावर मी त्यांच्या पाया पडले, तर ते बिचारे ओशाळले. आमचे हे अजून म्हणतात, "दहा मिनिटं थांबायला हवं होतं म्हाताऱ्याने." म्हणतात ते जेवता जेवता, माझ्यासमोर, धडधाकट बसून. मी त्यांच्या ताटात आणखी एक पोळी वाढते.